अर्ध्या फेऱ्याची चावी

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी निवृत्त व्हॉल्व्हमन उठले. स्वयंपाकघरातला नळ बोटभर उघडून त्यांनी धारेचा आवाज ऐकला आणि तो पुन्हा बंद केला. चौतीस वर्षे टाकीवरून गल्लीगल्लीला पाणी सोडल्यावर माणसाला नळाची नाडी कळू लागते. निवृत्तीला दोन वर्षे झाली होती, तरी रोज या वेळी ते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडत. आज मात्र पत्नी पाण्याची बाटली घेऊन दारातच उभी होती.

"आज फिरणं नाही. साडेसातला एमआरआय आहे."

"अगं, दहा मिनिटांत येतो."

"दहा मिनिटं म्हणून जाता नि तासाभरानं उगवता. बसा गुमान."

ते बसले. त्यांच्या मूत्राशयात वाटाण्याएवढी गाठ निघाली होती, आणि ती कर्करोगाची होती. गाठ आतल्या अस्तरापुरती असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढता येईल. स्नायूत शिरली असेल तर बहुधा मूत्राशयच काढावे लागेल, असे शल्यचिकित्सकांनी कागदावर चित्र काढून समजावले होते. आधी खरवडले तर जागा सुजते आणि नीट दिसत नाही, म्हणून एमआरआय अगोदर. व्हॉल्व्हमननी ते चित्र बराच वेळ न्याहाळले होते.

"म्हणजे ओल नुसती गिलाव्याला आहे की भिंतीत मुरलीय, एवढंच बघायचंय ना?"

"अगदी एवढंच," डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसापासून व्हॉल्व्हमन घरात कोणाशी धड बोलले नव्हते.

तपासणीच्या पत्रात लिहिले होते की एक तास आधी लघवीला जाऊन यावे, मग अर्धा लीटर पाणी प्यावे आणि त्यानंतर जाऊ नये. मूत्राशय मध्यम भरलेले हवे. रिकामे असले तर त्याच्या भिंतीला घड्या पडतात. तुडुंब असले तर माणूस चुळबुळतो आणि चित्र बिघडते. व्हॉल्व्हमननी बाटली डोळ्यांसमोर धरली.

"दोन घोट कमी भरलंस."

"दोन घोटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"माप म्हणजे माप," असे म्हणून त्यांनी नळाखाली दोन घोट वाढवून घेतले.

ते वेळेवर पोचले, पण यंत्र वेळेवर मिळाले नाही. आधीच्या बाईंनी आतून घाबरून तीनदा घंटी दाबली आणि तिन्ही वेळा सगळे पहिल्यापासून सुरू झाले. पाऊण तासाने व्हॉल्व्हमन खुर्चीच्या कडेवर आले, मग उभे राहिले, मग भिंतीवरची सूचना पाचव्यांदा वाचू लागले. शेवटी तंत्रज्ञ मुलीला दया आली.

"काका, फारच झालं असेल तर थोडं करून या. थोडंच हं! अर्धं राहू द्या."

ते परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती होती. तिने संशयाने विचारले, "अर्धंच केलंत ना?"

"ताई, आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवले. पण साठीनंतर या व्हॉल्व्हला मध्येच थांबायची सवय राहत नाही."

पत्नीने पिशवीतून दुसरी बाटली काढली.

पुन्हा पाणी, पुन्हा वाट पाहणे. अखेर हाक आली. कपडे बदलून ते आत निघाले, तोच धातू शोधणारी कांडी त्यांच्या कमरेपाशी किंचाळली. झग्याखाली, करगोट्यासारख्या बांधलेल्या दोऱ्याला, एक गंजकी लोखंडी चावी होती.

"ही काढा काका. आत लोहचुंबक आहे."

"दुसरं काही सांगा. ही कमरेवरनं उतरत नाही."

"कशाची आहे हो?" पत्नीने विचारले. मग तिला चावी ओळखू आली. "अगंबाई! टाकीवरची ना? परत केली म्हणाला होतात!"

"एक परत केली. दुसरी मागितलीच नाही कुणी."

"म्हणजे रोजचं फिरणं..."

"तो नवीन पोरगा व्हॉल्व्ह तीनच फेरे उघडतो. अर्धा फेरा मी वाढवतो, म्हणून वरच्या गल्लीला पाणी चढतं. आज मी गेलो नाही. वरच्या गल्लीत ठणठणाट असेल, आणि मी इथं..." ते कासावीस झाले, आणि ते केवळ पाण्याच्या चिंतेने नव्हे, हे पत्नीला दिसले. "त्याला फोन लाव. त्याशिवाय माझं चित्त आत लागायचं नाही."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. नवा व्हॉल्व्हमन पलीकडून उत्साहाने म्हणाला, "काकू, वरच्या गल्लीत आज धो धो पाणी! काका बरे आहेत ना? आले नाहीत म्हणून विचारतो."

"तुला ठाऊक होतं?" व्हॉल्व्हमन ओरडले.

"काका, तुम्ही निवृत्त झाल्यावर नवीन लाईन टाकली. आता अर्धा फेरा वाढवला की पाणी खालच्या गल्लीतच उतरतं. तुम्ही गेलात की मी तो परत बंद करायचो. तोवर वरच्यांना उशीर व्हायचा, एवढंच."

"मग मेल्या, दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमच्याच हाताखाली शिकलो. कुठल्या तोंडानं बोलणार?"

तंत्रज्ञ मुलगी घड्याळाकडे पाहत हळूच म्हणाली, "काका, आत्ता बरोबर मध्यम भरलं असेल. आणखी दहा मिनिटांनी मी जबाबदार नाही."

त्यांनी दोरा सोडला, चावी पत्नीच्या तळहातावर ठेवली आणि ते आत गेले. अर्ध्या तासात ते तसूभरही हलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल पुढे केला. "गिलाव्यालाच दिसतंय. काढलेला तुकडा तपासला की खात्री होईल. मंगळवारी दुर्बिणीतून काढू. मग दोन दिवस लघवीची नळी राहील. ती कमीजास्त करायला जाऊ नका, नर्स बघेल."

"नाही जाणार," ते म्हणाले. पत्नीने त्यांच्याकडे चमकून पाहिले.

परतताना त्यांनी रिक्षा टाकीपाशी थांबवली. पत्नीकडून चावी मागून घेतली आणि ते एकटेच आत गेले. नवा व्हॉल्व्हमन संध्याकाळचे पाणी सोडत होता. चावी त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

"किती फेरे दिलेस?"

"तीन, काका." तो बाजूला सरकला. "बघता का एकदा हात लावून?"

व्हॉल्व्हमननी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. पाइपातून पाणी वर चढत असल्याचा आवाज त्यांनी थोडा वेळ ऐकला.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि रिक्षात येऊन बसले.