सरदार, एकसष्ट टक्के

कुंभकोणमच्या व्यासराज रावांचा सरदार नावाचा कुत्रा चौदाव्या वर्षी वारला आणि सात महिन्यांनी तोच पुन्हा जन्माला आला. यात चमत्कार काही नव्हता. त्यांच्या मुलाला, प्रद्युम्नला, सिंगापूरहून आईबापांना भेटायला यायची सवड होत नव्हती. म्हणून त्याने सरदार जिवंत असतानाच त्याच्या कातडीचा कपटा एका कंपनीकडे पाठवून हुबेहूब दुसरा सरदार तयार करवून घेतला. दोन महिन्यांचं पिल्लू टोपलीतून घरी आलं आणि त्याच्या पाठोपाठ एकशे बारा पानांची संगोपन-पुस्तिका आली.

नावाचा प्रश्न नव्हताच. तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी इकडे आलेल्या या घराण्यात गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या पाळण्यात घालायची रीत आहे. व्यासराज हे त्यांच्या आजोबांचं नाव. प्रद्युम्नच्या सात वर्षांच्या मुलीला व्यासराजांच्या आईचं, महालक्ष्मी. माणसांना जे चालतं ते कुत्र्याला न चालायला काय झालं?

तिरुभुवनम्‌च्या एका विणकर सोसायटीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून व्यासराजांना पाळायला नियम उरले नव्हते. पुस्तिका पाहून त्यांना तरतरी आली. दिवसातून चार वेळा कोमट पेज, सकाळी वजन, दर पंधरवड्याला जंताचं औषध, सगळं घड्याळाबरहुकूम होऊ लागलं. मग ते भाग तिसरा, 'सादृश्यपालन', इथवर आले. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की तपासणी होईल. मूळ कुत्र्याशी साम्य नव्वद टक्क्यांहून कमी भरल्यास सदोष प्रत परत नेऊन तिचं विलोपन करण्यात येईल आणि सुधारित प्रत देण्यात येईल.

"विलोपन म्हणजे काय?" त्यांच्या पत्नी सुंदरीबाईंनी विचारलं.

"म्हणजे फाइल बंद."

"अय्यो, पावम, बिचारं!" म्हणून त्यांनी पिल्लाला पदराखाली घेतलं. "हें नक्को आम्हांस. त्यांची सुधारित प्रत त्यांच्याच घरीं असूं दे."

अडचण अशी होती की पहिला सरदार हा अत्यंत वाईट कुत्रा होता. तो पोस्टमनला दोनदा चावला होता आणि चौदा वर्षांत मालकाच्या जवळ बसला नव्हता. मालकही हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र असल्याशिवाय त्याच्याजवळ जात नसत. नवा सरदार पोस्टमनचे पाय चाटायचा आणि दुपारी व्यासराजांच्या पावलांवर डोकं ठेवून झोपायचा. शिवाय पहिल्याचा डावा कान पांढरा होता, याचा उजवा निघाला. महिनाभरात व्यासराजांचा त्याच्यावर इतका जीव जडला की त्याला बिघडवणं भागच होतं.

त्यांनी रीतसर सुरुवात केली. रोज अकरा वाजता ते ओट्यावर बसून पोस्टमनवर भुंकू लागले. पिल्लाने शिकावं एवढाच हेतू होता. पिल्लाला वाटलं मालकांना बरं नाही. ते आतून त्यांची चप्पल आणून देई. चौथ्या दिवसापासून पोस्टमन पत्रं कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात ठेवू लागला. दुकानदार ती घरी आणून द्यायचा, आणि तो आला की व्यासराज उगाचच खाली बघायचे.

तपासणीच्या सकाळी सुंदरीबाईंनी उजव्या कानाला कॉफीचं घट्ट डिकॉक्शन आणि डाव्याला रांगोळीचं तांदळाचं पीठ लावलं. कंपनीचे निरीक्षक सेतू दहाला आले तोवर डाव्या कानाला मुंग्या लागल्या होत्या.

"सार, कानाला कॉफीचा वास येतोय," सेतू तमिळमध्ये म्हणाले.

"कुंभकोणम आहे, कॉफीचंच गाव," व्यासराजही तमिळमध्ये म्हणाले.

सेतूंनी तसं नोंदवलं. स्वभाव नापास, भुंकणं नापास, कान विवादास्पद. बेरीज एकसष्ट. मग ते कलम चौदावर थांबले. "मागचा डावा पाय लंगडा. कारण, तिरुवलंचुळीच्या रस्त्यावर मोपेडची धडक. हा तर नीट चालतोय, सार."

"त्याला मोपेड धडकली नाही."

"का नाही धडकली?" सेतूंच्या आवाजात ठपका होता. "हरकत नाही. माझी मोपेड बाहेर आहे. पाच मिनिटांचं काम, नऊ टक्के वाढतील. उरलेल्यांसाठी मुदतीचा अर्ज करू."

व्यासराजांनी पिल्लू उचलून मांडीवर घेतलं, घट्ट धरलं. पिल्लू त्यांची हनुवटी चाटू लागलं. आणि तेवढ्यात त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"पान सत्त्याण्णव," ते म्हणाले. "तपासणी मूळ मालकासमक्षच वैध."

"मूळ मालक तुम्हीच ना?"

"पडताळून पाहा. मालकाचाही तक्ता आहे."

सेतूंनी प्रद्युम्नने भरून दिलेला मालकाचा तक्ता उघडला आणि मोठ्याने वाचला. "वडील कुत्र्याला मांडीवर घेत नाहीत. वडील कुणालाच मांडीवर घेत नाहीत." मांडीवरच्या पिल्लाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तुमचं साम्य चौतीस टक्के भरतंय, सार."

"म्हणजे मूळ मालक हजर नाही."

"नाही," सेतूंना कबूल करावं लागलं. त्यांनी प्रकरणावर शिक्का मारला: मूळ मालक सापडेपर्यंत तहकूब. तहकूब झालेलं प्रकरण पुन्हा उघडलेलं व्यासराजांनी सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. सेतू गेल्यावर मात्र तक्त्यातलं दुसरं वाक्य आठवून त्यांना वाईट वाटलं. सुंदरीबाईंनी पिल्लाचे कान धुतले, पायसम केलं. पिल्लू जसं होतं तसं राहायला मोकळं झालं.

रविवारी संध्याकाळी सिंगापूरहून व्हिडिओ कॉल आला. पिल्लू मांडीवर होतंच. पलीकडे नात महालक्ष्मी मान वाकडी करून त्याचं चित्र काढत होती, उजवा कान पांढरा ठेवून. व्यासराज कौतुकाने पुढे वाकले आणि एकदम गंभीर झाले.

"प्रद्युम्ना, हें काय? पोरगी डाव्या हातें काढतेय! आमच्या आईनें कधीं डावा हात लावला नाहीं. आमच्या घरांत कोण्हींच नाहीं. लहान आहे तोंवर वळण लाव."

"सांगतोच आहे, अप्पा. शाळेतही सांगून ठेवलंय."

सुंदरीबाई पिल्लाच्या कानावरून हात फिरवत होत्या. त्यांचा हात थांबला.

पडद्यावर महालक्ष्मीने कुणी न ओरडता पेन्सिल उजव्या हातात घेतली. कानाची रेघ वाकडी गेली. तिने वर पाहिलं आणि ती हसली, तुमच्याआमच्या घरातली चांगल्या वळणाची मुलं हसतात तशी.

व्यासराजांना भरून आलं. "अगदीं आमची आई," ते म्हणाले. "शंभर टक्के."