शेवटच्या चार पानांचे लेखक

"दोन दिवस द्या फक्त! स्वल्पविराम जरी जागचा हलला असला तरी पकडून देते!" पंडितेने फोनवर संपादकांना ठणकावून सांगितलं.

पंडिता हे तिचं घरातलं नाव, वडिलांनी ठेवलेलं. ती कॉलेजात साहित्य शिकवायची आणि फावल्या वेळात घरच्यांना शिकवायची. वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक वेचून दुसऱ्यांची पानं उभी करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते, आणि तेव्हापासून पंडितेला दोन ओळींच्या पुढे काही वाचवत नव्हतं. म्हणून तर हे काम येताच तिने त्यावर झडप घातली.

प्रकरण असं होतं. सत्तर वर्षांपूर्वी एकदाच छापलेली आणि लगेच विसरली गेलेली एक कादंबरी दोन प्रकाशकांनी एकाच महिन्यात पुन्हा काढली होती. हे दोघे सख्खे भाऊ. वाटण्या झाल्यापासून अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मूळ पुस्तकाला इमानदार कोण, थोरला की धाकटा, एवढंच संपादकांना हवं होतं. आणि मूळ पुस्तक पंडितेच्या घरातच होतं! पहिली आवृत्ती, वडिलांच्या कपाटातली. ती बारा वर्षांची असताना त्यांनीच ती वाचायला दिली होती.

जेवणाच्या टेबलावर तिन्ही पुस्तकं शेजारी मांडून, पट्टी धरून तिने ओळीला ओळ लावली. दोनशे बारा पानं सगळं सुरळीत. पुढच्या पानावर तिच्या हातातली पट्टीच पडली.

वडिलांच्या प्रतीत नायिकेचा न्यूमोनिया उतरतो. ती खाटेवर उठून बसते, चहा मागते आणि दाढी वाढवून बसलेल्या नवऱ्याला चांगली झापते. दोन्ही नव्या पुस्तकांत मात्र ती सरळ मरते!

"आई, यांनी बाईला मारून टाकलं गं!"

"कोणी? कोणाला?" आई स्वयंपाकघरातून लाटण्यासकट धावत आली.

पंडितेने त्याच बैठकीत लेख लिहिला. थोरल्याने शेवट बदलला, धाकट्याने डोळे मिटून त्याची नक्कल केली, असं पुराव्यानिशी ठणठणीत मांडलं. संपादकांनी आणखी मीठमसाला लावून मथळा दिला: 'नायिकेचा खून कोणी केला?'

अंक बाहेर पडल्यावर तिसऱ्या दिवशी दारात एक गाडी थांबली. तिच्यातून थोरले उतरले आणि पाठोपाठ धाकटे. अकरा वर्षांत पहिल्यांदा एका गाडीतून! संतापापुढे वाटण्या फिक्या पडल्या होत्या.

"खुनी म्हणालात मला!" थोरले उंबऱ्यातूनच गरजले. "बायको विचारते, कोणाला मारलंत म्हणून!"

"आणि मी याची नक्कल केली? याची?" धाकट्यांना खुनापेक्षा हे जास्त लागलं होतं.

त्यांनी ग्रंथालयाची शिक्का मारलेली पहिली आवृत्ती टेबलावर आदळली. तीतही नायिका मेलेली होती.

"या प्रतीची पानं कोणीतरी बदलली आहेत," पंडिता ठामपणे म्हणाली.

धाकट्यांनी दोन्ही प्रती उघडून शिवणीवरून अंगठा फिरवला. "बदललीत खरी. पण तुमच्या प्रतीत. बाकी पुस्तक शिवलेलं आहे, आणि ही शेवटची चार पानं खळीने चिकटवलेली. कागद बघा, पांढरा!"

शेवटाकडे हात कमी लागतात म्हणून पानं पांढरी राहिली, असं पंडितेला इतकी वर्षं वाटत होतं!

आई चहाचे कप ठेवत म्हणाली, "ती पानं ह्यांनी केलीत."

"बाबांनी?" पंडितेने विचारलं.

"मी न्यूमोनियाने दवाखान्यात होते, आठवतं ना तुला? तू बाहेर बाकावर बसून हे वाचत होतीस. ह्यांनी शेवट चाळला मात्र, हातपायच गळाले त्यांचे. बाइंडिंग सुटलंय म्हणून तुझ्याकडून पुस्तक काढून घेतलं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत न जेवता खिळे जुळवले. तुझ्या हातात दिलं ते तिसऱ्या दिवशी."

थोरल्यांनी ती चार पानं उभ्याउभ्याच वाचली आणि मोठ्यांदा नाक शिंकरलं. "झकास लिहिलंय हो. पुढच्या आवृत्तीत पुरवणी म्हणून मीच घेणार."

"तू? चिकटवलेली पानं ओळखली कोणी?"

"वाचली कोणी आधी?"

पाच मिनिटांत पुन्हा वाटण्या झाल्या. परतताना भावांनी दोन गाड्या केल्या. "माफी मात्र पुढच्याच अंकात हवी!" यावर तेवढं दोघांचं एकमत होतं.

पंडिता माफी लिहायला बसली. पाचव्या कागदावर जमलं: 'मूळ प्रत ओळखण्यात माझी चूक झाली.'

आईने वाचून कागद खाली ठेवला. "ह्यांचं नाव नाही घातलंस?"

"काय घालू? बाबांनी खोटी पानं चिकटवली म्हणून?"

"घाल की. उभा जन्म दुसऱ्यांचं जुळवलं त्यांनी. स्वतःचं छापलेलं तेवढंच आहे."

पंडितेने कागद फाडला. नव्या कागदावर आपल्या चुकीखाली वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे 'जुळारी, शेवटच्या चार पानांचे लेखक'. मग चष्मा काढून बराच वेळ तो पुसत बसली.

"बरं झालं," आई म्हणाली. "शेवट तुला कसा वाटला, हे त्यांना फार विचारावंसं वाटायचं. विचारलं का गं कधी?"

विचारलं होतं. ती एम. ए.ला असताना, जेवताना, सहज विचारावं तसं.

"भाबडा आहे, बाबा," ती म्हणाली होती. "लेखक ऐनवेळी घाबरला."

"हो गं," ते म्हणाले होते, "फार घाबरला होता."

त्यावर पंडितेने, हात ताटात वाळेपर्यंत, लेखकाने का घाबरायचं नसतं हे त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं होतं!