महागात पडलेला वाटा

तोरिकाने पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, की उपयोजित अर्थशास्त्र म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ!

तिला तसं वाटायला कारणही होतं. त्या काळी बेटांच्या राजधानीत, सुवाच्या अख्ख्या विद्यापीठात एकच कॉम्प्युटर होता. गार हवेच्या खोलीत त्याला ठेवलेलं असे आणि मुलांना तो काचेतूनच दिसे, राजघराण्यातल्या आजारी माणसासारखा. आपला प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांची चळत खिडकीतून आत सरकवायची आणि दुसऱ्या दिवशी लांबलचक कागदावर छापलेलं उत्तर न्यायला यायचं, अशी पद्धत. बाकीच्या मुलांची कार्डं मशीन शिव्या घालून परत पाठवी. तोरिकाची पहिल्या फटक्यात चालत. कांदावू बेटावरून बोटीने, दोन चटया आणि एक ट्रंक घेऊन आलेल्या पोरीच्या डोक्यात एवढ्यानं हवा जाणारच की!

आता कॉम्प्युटरच्या पदवीत अर्थशास्त्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तोरिकानेही विचारलं होतं. कुणालाच सांगता आलं नाही. भातात लपवलेल्या औषधाच्या गोळीसारखा तो विषय अभ्यासक्रमात घुसवलेला होता आणि गिळल्याशिवाय सुटका नव्हती. शिष्यवृत्तीवाल्यांचा नियम सरळ होता. नापास झालात तर एक फेरपरीक्षा, आणि तिच्यातही गेलात तर मिळेल त्या बोटीने घरी. घरी, म्हणजे तिला निरोप देताना जिथे मेजवानीला डुकरं भाजली होती त्या गावात! काय तोंडाने उतरायचं त्या धक्क्यावर?

विषय शिकवायला डॉक्टर मॅकलीश होते, न्यूझीलंडहून नुकतेच आलेले. उन्हाने त्यांचं नाक कायम सोललेलं असे आणि दर दोन वाक्यांनी ते मागणीच्या रेषेबद्दल बोलत. भाव चढला की खप उतरतो, म्हणून रेषा उतरती. त्यांनी काम दिलं ते असं: बाजारातली एक वस्तू निवडा, तिचा भाव आणि खप काही आठवडे टिपा, आकडे कॉम्प्युटरला घाला आणि रेषा काढून आणा.

तोरिकाला बाजार शोधायची गरजच नव्हती. ती राहत होती तिच्या केलेरा आत्याकडे, नौसोरीच्या पलीकडे, रेवा नदीच्या काठावर. आत्या नदीत बुड्या मारून शिंपल्या काढायची आणि सुवाच्या मंडईत गोणपाटावर त्यांचे वाटे लावून बसायची. तोरिकाने रोज संध्याकाळी लिंबाच्या पानांचा चहा पिता पिता आत्याला भाव आणि खप विचारला, कार्डांवर भोकं पाडली आणि ऐटीत खिडकीतून सरकवली.

दुसऱ्या दिवशी कागदावर एकच ओळ छापून आली: शून्याने भागता येत नाही.

तोरिकाने कार्डं दहादा तपासली. मग आकड्यांकडे पाहिलं. भाव: एक डॉलर. दुसऱ्या दिवशीचा भाव: एक डॉलर. पुढच्या सगळ्या आठवड्यांचा भाव: एक डॉलर! अहो, वाटा तो! आमच्या मंडईत वाट्याचा भाव कधी हलतो का? नदीला पूर आला की वाटा बारीक होतो, शिंपल्या उदंड झाल्या की फुगतो, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की वर आणखी एक मूठ पडते. भाव तेवढा देवळातल्या घंटेसारखा जागच्या जागी. आणि भाव हलल्याशिवाय रेषा कुठून निघणार? मशीन बिचारं शून्यावर जाऊन आपटलं होतं.

"आत्या, तुला भाव बदलायला हवा," ती त्या संध्याकाळी म्हणाली.

"का? माझं काय चुकलं?" आत्याने विचारलं.

तोरिकाने तिला मागणीची रेषा समजावून सांगितली. कागदावर काढून दाखवली. आत्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि शेवटी एवढंच विचारलं, की हे नाही केलं तर पोरगी नापास होणार का? तोरिका हो म्हणाली. मग आत्याने पुढे एक शब्द विचारला नाही. भावाच्या लेकीसाठी तिने नदी उलटी वाहवली असती, भाव काय चीज आहे?

पहिला आठवडा स्वस्ताईचा. वाटा तेवढाच, भाव ऐंशी सेंट. तोरिका पहिल्या दिवशी मुद्दाम मंडईत जाऊन उभी राहिली. गिऱ्हाइकं आली, भाव ऐकला आणि थबकली. एकीने शिंपली उचलून नाकाला लावली. दुसरीने तिला डोळ्याने खूण केली. शेजारी रामरती वांगी आणि मिरच्या घेऊन बसायची, वर्षानुवर्षांची मैत्रीण. तिनेही आपली टोपली जरा लांब सरकवली.

"केलेरा, कालच्या आहेत होय गं?" तिने हळूच विचारलं. "टाकून दे बाई. कुणाला काही झालं तर मंडई आपल्याला हाकलून देईल."

ऐंशी सेंटला शिंपल्यांचा वाली कुणी उरला नाही. संध्याकाळी सगळं ओझं परत घरी. पुढचे चार दिवस शिंपल्यांची आमटी, शिंपल्यांचं सार, नारळाच्या दुधातल्या शिंपल्या. शेवटी घरचं मांजरसुद्धा पातेलं पाहून तोंड फिरवू लागलं! तोरिका मंडईत गोणपाटाशेजारी बसून ढसाढसा रडली. भाव उतरला तर खप वाढायला हवा होता. तो तर मेलाच!

आत्याने तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि वर्गाला पाठवून दिलं. पुढच्या आठवड्यात दीड डॉलर लावीन म्हणाली, काळजी करू नकोस म्हणाली.

आणि नवल घडलं. त्या आठवड्यात रोज दुपारच्या आत शिंपल्या संपू लागल्या! आत्या रिकामं गोणपाट खांद्यावर टाकून घरी यायची आणि चहा ओतता ओतता म्हणायची, सगळं गेलं, लिहून घे. तोरिकाने लिहून घेतलं. कार्डं आत गेली. मशीनने या वेळी छोट्या छोट्या चांदण्यांची सुरेख रेषा काढून दिली. फक्त ती उलटी होती! भाव चढेल तसा खप चढत होता, नारळाच्या झाडावर पोरगं चढावं तसा सरसर.

शनिवारी ती कारण शोधायला मंडईत गेली. तिथे गोणपाटासमोर रांग होती. रांगेत आत्याच्या चर्चमधल्या सगळ्या बायका होत्या, नौसोरीच्या बसचा ड्रायव्हर होता, कांदावूकडची दूरची भावंडं होती, शिंपल्या नुसत्या पाहिल्या तरी ज्याच्या अंगावर पित्त उठतं असा एक मामाही होता. रामरती तर स्वतःचं दुकान सोडून पुढे उभी होती. तिने पैसे दिले, वाटा घेतला आणि तोरिकाच्या गालावरून हात फिरवला.

"दीड डॉलरमध्ये पास होशील ना गं? का दोन देऊ?"

केलेरा आत्याने सगळ्या बाजाराला सांगितलं होतं! शिंपल्या महाग विकल्या गेल्या नाहीत तर पोरगी नापास होणार, एवढाच तिला त्या रेषेचा अर्थ लागला होता.

तोरिका तडक डॉक्टर मॅकलीशांकडे गेली, सगळं खरं सांगून टाकायला. पण त्यांनी तिला तोंडच उघडू दिलं नाही. आदल्या दिवशी तिने दिलेली रेषा पाहून ते खुर्चीतून उठले होते. असं उदाहरण म्हणे पुस्तकात सापडतं, बाजारात सापडत नाही! खात्री करायला ते सकाळीच स्वतः मंडईत जाऊन आले होते. रांगेतल्या बायांना त्यांनी विचारलं होतं, इतक्या महाग शिंपल्या तुम्ही का घेता?

बायांनी त्यांच्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं. हाच परीक्षा घेणारा, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. मग काय विचारता!

"महाग आहेत म्हणूनच घेतो, साहेब," रामरती म्हणाली होती. "स्वस्त शिंपली आमच्या घशाखाली उतरत नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. मामाने तर साहेबांच्या देखत एक शिंपली कच्ची खाऊन दाखवली होती. पुढे त्याचं काय झालं ते न सांगितलेलं बरं.

"पण सर, माझ्या आत्यानेच..." तोरिका म्हणाली.

"तुमच्या आत्याबाईंचे आभार मानायला हवेत," डॉक्टर मॅकलीश म्हणाले आणि लिहायला बसले.

परीक्षेच्या दिवशी तोरिकाने प्रश्नपत्रिका उघडली. सगळ्यांत जास्त गुणांचा प्रश्न होता: सुवाच्या मंडईत शिंपल्यांचा भाव वाढल्यावर खपही वाढला. कारणे द्या.

आजूबाजूला पेनं धावू लागली. कुणी लिहिलं, महाग शिंपली खाणं हे तिथे प्रतिष्ठेचं लक्षण आहे. कुणी लिहिलं, भाव आणखी वाढेल या भीतीने लोक साठा करतात. एकाने तर नदीतल्या गाळाचा सिद्धांत मांडला, दोन पुरवण्या घेऊन! तोरिकाने घामाने चिकट झालेलं पेन दोनदा खाली ठेवलं, दोनदा उचललं. मग तिने खरं होतं ते लिहिलं, एका ओळीत: कारण माझ्या आत्याने सगळ्यांना तसं सांगितलं होतं.

एक तोरिका सोडून सगळा वर्ग पास झाला. गाळाच्या सिद्धांताला सर्वांत जास्त गुण पडले. तोरिकाच्या ओळीखाली लाल शाईत लिहिलेलं होतं: आर्थिक कारण अपेक्षित.

संध्याकाळी ती नदीच्या काठावर गुडघ्यांत डोकं घालून बसली. फेरपरीक्षेचं काम हातात होतं. बाजारातली एक वस्तू निवडा, भाव आणि खप टिपा, रेषा काढा. पलीकडे कांदावूच्या बोटीसाठी एक माणूस घसा फोडून उतारू गोळा करत होता आणि प्रत्येक हाक तिला आपल्याच नावाची वाटत होती.

आत्या पाण्यातून वर आली, शिंपल्यांची पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसली.

"रडतेस काय वेडे? अजून एक परीक्षा आहे ना?" ती म्हणाली. "या वेळी काय विकायचं तेवढं सांग. लोकांना मी आधीच सांगून ठेवलंय."