सुमनआत्या आणि आमच्या सईचं स्पेलिंग

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला मुलगी झाली की पेढे यायच्या आधी तळमजल्यावरच्या सुमनआत्या वही घेऊन हजर होतात. बाळ कुणावर गेलंय, बाळंतीण कशी आहे, असले किरकोळ प्रश्न त्या विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच, "इंग्रजीत कसं लिहिणार?"

मुलगा झाला तर त्या फिरकतही नाहीत. "पोराचं कसंबी लिवा, खपून जातं. पोरीला माहेरचं एकदा आन् सासरचं एकदा, असं दोनदा नाव सिद्ध करावं लागतं."

आत्यांनी लग्न केलं नाही. आमच्या या उस्मानपुऱ्यातून रोज एसटीनं फुलंब्रीला जाऊन शाळेत क्लार्की केली. रजिस्टरात पोरींची नावं चढवली आणि त्याच पोरी पुढं नावदुरुस्तीचे अर्ज घेऊन रडत आलेल्या पाहिल्या. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की सरकारी गॅझेटात छापून आणा, मग ती कात्रणं घेऊन दारोदार फिरा. त्या गॅझेटाचा आत्यांनी असा धसका घेतलाय की लग्नपत्रिका दिली तरी आधी नवरीचं नाव तपासतात आणि मान हलवतात, "पुढं गॅझेट होईल!"

आम्हाला मुलगी झाली. नाव सई ठरलं. घरात एकमत झालं, हेच लई झालं. मला बहीण नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या म्हणून सुमनआत्याच, हेही ठरलं. त्यांना सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाल्या आणि आमच्या दाराला लावलेलं तोरण उगाचच नीट करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन वर आल्या. चष्मा नाकावर ओढला आणि बघता बघता बँकेतल्या बाई झाल्या. माझ्या बायकोच्या, प्रियांकाच्या, मांडीवरची सई म्हणजे अर्जदार.

"स्पेलिंग बोला."

"एस, ए, आय," प्रियांका म्हणाली.

"हा साई झाला. मिस्टर साई, फॉर्मवर स्त्री का लिवलंय? नेक्स्ट!"

बाळानं भोकाड पसरलं.

"रडून इथं काम होत नसतं," आत्या बाळाला म्हणाल्या. "साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

तासाभरात माझी लेक मांडीवरच्या मांडीवर कॉलेजात गेली, पासपोर्टच्या रांगेत उभी राहिली आणि सगळीकडून परत पाठवली गेली. शेवटी आत्यांनी निकाल दिला, "एस, ए, डबल ई. सुटसुटीत. कुठंच अडकणार नाय."

पण प्रियांकाच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. जन्मतारीख टाकली की ते भाग्याचं स्पेलिंग सांगायचं. त्यानं सांगितलं, एस, ए, वाय, डबल ई लिहा, मुलगी परदेशी जाईल.

"दोन अक्षरांच्या नावाला पाच अक्षरं?" आत्या उसळल्या. "परदेशी कशी जाईल? विमानतळावरच धरतील! गॅझेट होईल!"

प्रियांका बजाजनगरच्या कामगार वस्तीत वाढलेली, ती कशाला माघार घेतेय! "आत्या, पोर माझी आहे."

आत्यांनी वही मिटली. "व्हय, तुझीच हाय. मग बारशाला आत्या बी मोबाइलमधनंच काढा." आणि ताडताड जिना उतरून गेल्या.

माझी पंचाईत झाली. बायकोची बाजू घ्यावी तर आत्या जातात, आत्यांची घ्यावी तर जेवण जातं. शेवटी पुरुषमाणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. गुपचूप ड्यूटीवर गेलो.

बारशाच्या दिवशी पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या, घुगऱ्या शिजल्या, बिल्डिंगमधल्या सगळ्या बाया जमल्या. आत्या काही येईनात. कुणीतरी म्हणालं, "माझी पोर बसते की आत्या म्हणून." प्रियांकाचं तोंड एवढंसं झालं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, जा ना. मला त्याच पाहिजेत."

समजुतीचं भाषण जुळवत मी खाली गेलो. दार उघडंच होतं. पलंगाच्या कडेला आत्या बसलेल्या. अंगावर जांभळी पैठणी, केसात गजरा, मांडीवर झबलं-टोपडं. पायात चपलासुद्धा घातलेल्या.

"आत्या, चला."

"किती वाजले?"

"साडेअकरा."

"मी नऊपासनं बसलेय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. "दत्ताच्या, माझ्या भावाच्या, पोरीच्या बारशाला बी असंच झालं. स्पेलिंगवरनं भांडले, रुसले. अशीच नेसून बसले व्हते. म्हणलं, दत्ता येईल बोलवायला. मागच्याच गल्लीत घर. पाळण्याची गाणी इथवर ऐकू येत व्हती. कुणी आलंच नाय रे, संदीप. ती पोर आता कॉलेजात हाय. रस्त्यात दिसली तर नमस्ते मॅडम म्हणती."

फार वाईट वाटलं मला. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना वर घेऊन आलो.

प्रियांकानं सरकून जागा दिली. आत्या बाळाच्या कानाशी वाकल्या. "कुर्रऽऽ" झालं आणि रिवाजाप्रमाणं बायांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. यातल्या निम्म्या जणींच्या लेकींना आत्यांनी त्यांच्या त्या लटक्या बँकेतून परत पाठवलेलं, त्यामुळं एकीनंही हात राखला नाही. पण आत्या उठेनात. धपाटे खात बाळाच्या कानात पुटपुटतच राहिल्या.

"आत्या, एवढं काय सांगताय?" प्रियांकानं विचारलं. "स्पेलिंग?"

"नाय गं." आत्या पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. "म्हणलं, सई, खुशाल रुसत जा. तुझा बाप जिना उतरून बोलवायला येतो."