प्रगती चांगली आहे, फक्त आवाज नको

ज्या घरात पियानो असतो त्या घरावर चांगले संस्कार असतात, आणि ज्या घरात पियानो शिकवायला बाई येतात त्या घराकडे त्या संस्कारांचा पुरावाही असतो. हे सत्य इतकं सर्वमान्य आहे, की ते तपासून पाहण्याची गरज आजवर कुणालाच भासलेली नाही.

घरी येऊन पियानो शिकवणं ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिचा पियानोशी संबंध असतोच असं नाही. या कामावर जाणाऱ्या व्यक्तीला पुढील गोष्टी यायला हव्यात: अनोळखी कुत्र्याशी जुनी ओळख असल्यासारखं बोलणं, चहाला नको म्हणणं, तरीही आलेला चहा पिणं, पियानोच्या झाकणावर मांडलेले घरातल्यांचे फोटो एकेक करून उतरवणं, तास संपल्यावर कुणाचाही मान न दुखावता ते पूर्वीच्याच क्रमानं परत मांडणं आणि शेवटी दारात बूट घालता घालता विद्यार्थ्याची प्रगती सांगणं. यातलं शेवटचं काम सर्वांत कौशल्याचं, कारण ते एका पायावर उभं राहून करावं लागतं. (पियानो वाजवता येत असल्यास हरकत नाही.)

आपल्या कथेतल्या बाईंना हे सगळं येत होतं. त्यांना पियानोही उत्तम येत होता, पण त्याची वाच्यता त्या सहसा करत नसत. सुरुवातीच्या काळात एका घरात त्यांनी प्रगतीच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या घराचं दार उघडलंच नाही. आत दिवे होते, माणसांची कुजबुजही होती. कुत्रासुद्धा भुंकला नाही. त्यालाही सांगून ठेवलेलं असावं. तेव्हापासून बाई सगळ्या घरांत एकच उत्तर देत: "चांगली आहे." या उत्तरावर त्यांची बरीच वर्षं विनातक्रार गेली.

सदर घटना घडली ते घर असंच एक संस्कारी घर होतं. तिथला पियानो बाहेरून लाकडी आणि आतून विजेवर चालणारा होता, आणि जेवणाच्या टेबलाशी रंग जुळला म्हणून निवडला गेला होता. तो दिवाणखान्यात अशा कोपऱ्यात ठेवलेला, की दारातून आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा. वाजवायला बसणाऱ्याचं उजवं कोपर मात्र दर थोड्या वेळानं पडद्यात गुंतत असे. पण कोणत्याही मोठ्या योजनेत एखाद्या घटकाला झळ बसायचीच.

तासाला घरातले सगळे आपापल्या परीनं हातभार लावत. आई मागच्या खुर्चीवर बसून पायानं ताल धरत. तो ताल त्या वेळी वाजत असलेल्या गाण्याचा नसे, पण होता मात्र पक्का. आजी पलीकडे मालिका बघत आणि संगीताचा मान राखून टीव्हीचा आवाज कमी करत. (थोडा.) बाबांचं ऑफिस आतल्या खोलीत चाले. दोन मीटिंगांच्या मध्ये ते पाणी प्यायला बाहेर येत, "वा!" म्हणत आणि परत जात. हा "वा" ते धाकटी वाजवत असताना म्हणत तसाच ती शिंकल्यावरही म्हणत, त्यामुळे त्यात कधी पक्षपात झाला नाही.

धाकटी ही विद्यार्थिनी. वय दहा. तिला पाच गाणी येत होती, असं घरातल्या सर्वांचं एकमुखी मत होतं. तिची पद्धत सोपी होती. अवघड जागा आली, की रस्त्यातलं डबकं ओलांडावं तशी ती जागा ओलांडून ती पुढे जाई आणि सोपं दिसेल तिथे पाय टेकवी. या पद्धतीनं पाच गाण्यांपैकी साधारण दीड गाणं वाजे, उरलेली साडेतीन आत्मविश्वासानं भरून निघत. आई खूश होत्या, आजी खूश होत्या, बाबा पाणी पीत होते. खूश नव्हती ती फक्त धाकटी, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

एके दिवशी आई पार्सल घ्यायला दाराशी गेल्या, आणि तेवढ्यात धाकटी हळूच म्हणाली, "टीचर, मला खरंच येतं का? की तुम्ही उगाच म्हणता?"

हे घर त्यांना हातचं घालवायचं नव्हतं. आठवड्यातल्या त्यांच्या घरांपैकी हेच एक असं होतं, जिथे बसायचं स्टूल हलत नव्हतं. पण पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि बाई दोन्ही पायांवर असल्यामुळे त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "पण येईल. अवघड जागा सोडायची नाही. चुकलीस की थांब आणि तिथूनच परत."

"किती वेळा?"

"येईपर्यंत."

धाकटीच्या चेहऱ्यावर मोठी सुटका झाल्यासारखा आनंद पसरला. आपल्याला येत नाही हे तिला कधीचं ठाऊक होतं. ते आणखी कुणाला तरी ठाऊक आहे, हे नव्यानं कळलं.

आणि त्या संध्याकाळपासून तिनं सराव सुरू केला.

सराव या प्रकाराविषयी पालकवर्गात मोठा गैरसमज आढळतो. सराव म्हणजे मूल रोज थोडं थोडं गोड वाजवतं, असं समजलं जातं. प्रत्यक्षात सराव म्हणजे एकच अर्धी ओळ, तीही चुकीची, आणि जिथे ती चुकते तिथून पुन्हा चुकीची. पाच गाणी बंद पडली आणि घरात ही अर्धी ओळ राहायला आली. आजींच्या मालिकेतली सून रडायला लागली, की नेमका तो चुकलेला सूर येई, आणि तिच्या दुःखावरचा आजींचा विश्वास उडे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मुलीची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली. कहर झाला तो बाबांच्या मीटिंगमध्ये. पलीकडच्या कंपनीचे साहेब बोलता बोलता तीच ओळ गुणगुणू लागले, आणि धाकटी जिथे अडखळायची तिथेच अडखळू लागले.

घरातल्यांनी उपाय केले. दारं लावून पाहिली. आवाज कमी करून पाहिला, पण हळू आवाजातली चूक जास्तच कान देऊन ऐकली जाते असं दिसून आलं. घरात कुणी नसताना सराव करावा, असाही प्रस्ताव आला. मात्र घरात कुणी नसणं या घराला जमण्यासारखं नव्हतं. शेवटी आईंनी बाईंना बाजूला घेतलं.

"आधी तिला पाच गाणी यायची," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "आता एक ओळ आहे, तीसुद्धा येत नाही."

हिशेब बिनतोड होता. सराव चालू आहे, असं बाई चाचरत म्हणाल्या. त्यावर आईंचं म्हणणं असं पडलं, की सरावाला त्यांची मुळीच हरकत नाही, पण तो तिनं जे येतं त्याचा करावा. बाकी निर्णय त्यांनी बाईंवर सोडला, आणि तो कोणता घ्यायचा हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

पाच गाण्यांकडे परत वळूया असं धाकटीला सांगायचं, असं बाईंनी ठरवलं. वाक्यही मनात जुळवून ठेवलं. पण त्या दिवशी धाकटीनं ती ओळ पहिल्यांदाच न चुकता पार केली, आणि आपल्याकडून हे कसं झालं, अशा चेहऱ्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंना फार बरं वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. जुळवलेलं वाक्य त्या गिळून बसल्या.

यातून मार्ग काढला तो बाबांनी. टाचणी पडली म्हणून ते पियानोखाली वाकले असता त्यांना एक छोटं भोक दिसलं. त्यांनी आपल्या ऑफिसच्या हेडफोनची वायर त्यात खुपसली, आणि पियानो गप्प झाला.

घरात शांतता पसरली, आणि त्या शांततेत सगळ्यांना पहिल्यांदाच धाकटीची बोटं चालताना दिसली. काय बोटं होती! आजी म्हणाल्या, पोरीचा हात फार सुंदर वळायला लागलाय. आईंचा पाय पूर्ववत ताल धरू लागला आणि आता तो चुकण्याचा प्रश्नच उरला नाही. बाबा येता जाता "वा!" म्हणू लागले. आईंनी मुलीच्या वाजवण्याचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवले. सगळ्यांच्या टाळ्या आल्या. एका मावशींनी तर डोळे मिटून ऐकलं, असं कळवलं.

प्रगतीचा हा वेग कोणत्याही शिक्षणपद्धतीला हेवा वाटावा असाच होता. (ज्या घरांत मुलं ऐकू न येता शिकतात त्या घरांत शंभरापैकी शंभर पालक समाधानी असतात. उलट परिस्थितीचे आकडे उपलब्ध नाहीत, कारण त्या घरांत आकडे मोजण्याइतकी शांतता नसते.) तासाला मात्र हेडफोनची एक वाटी धाकटीच्या कानाला आणि दुसरी बाईंच्या कानाला असे. दोघी डोक्याला डोकं लावून बसत आणि मधूनच दोघींनाही एकदम हसू फुटे. त्या का हसतात हे घरात कुणाला कळत नसे, पण फोटोत छान दिसत.

पुढे आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आला. पाहुणे यायचे होते आणि धाकटी वाजवणार होती. आता तरी वायर काढायची ना, असं बाईंनी विचारलं. कशाला, असं आईंनी विचारलं. पाहुण्यांना गप्पा मारायच्या असतात; त्यांना उगाच त्रास नको.

धाकटीनं हे ऐकलं. ती हिरमुसली. त्या अर्ध्या ओळीपासून वाढत गेलेली तिची चार ओळींची चीज आता जवळपास बसली होती, आणि ती कुणाला तरी ऐकवायची म्हणून तिनं इतका घाम गाळला होता.

"टीचर, मग मला आलं की नाही, ते कळणार कुणाला?"

"मी बघेन," बाई म्हणाल्या.

"बघून कळतं?"

"बोटांवरून कळतं. मी पडद्याजवळ उभी राहते."

कार्यक्रम अपूर्व झाला. एरवी असल्या प्रसंगी पाहुणे तिसऱ्या सुराला कुजबुजू लागतात. इथे ऐकण्यासारखं काहीच नसल्यामुळे सगळे जिवाचे कान करून बसले होते. प्रत्येकाची मान डोलत होती, आणि कुणाचीही दुसऱ्या कुणाच्या तालात डोलत नव्हती. बाई पडदा हातानं बाजूला धरून उभ्या होत्या. धाकटीच्या बोटांबरोबर त्यांच्या डोक्यात ती चीज वाजत होती. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीतल्या वळणावर तिची करंगळी घसरली. पण पोरगी ते ओलांडून पुढे गेली नाही. ती थांबली, एक सूर मागे आली, तो नीट घेतला आणि मगच पुढे निघाली. चौथी ओळ संपली तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूर काय गोड लावते, असं एक वजनदार काका म्हणाले. धाकटीनं हेडफोन उतरवला आणि काकांकडे न बघता दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकाला विचारलं, "टीचर, चुकलं ना?"

सगळे बाईंकडे वळले. आईंच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत मुळीच नव्हतं. 'चांगलं झालं' एवढे दोन शब्द म्हटले असते तर ते न हलणारं स्टूल बाईंना जन्मभर पुरलं असतं.

"हो," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीत. एकदाच."

"मला वाटलंच," धाकटी म्हणाली आणि कानापासून कानापर्यंत हसली.

बाकी कुणी हसलं नाही. आम्हाला तर कुठे चूक ऐकू आली नाही, असं काका म्हणाले. त्यांना काकूंनी दुजोरा दिला, आजींनी दिला, आणि पाणी प्यायला उठलेल्या बाबांनीही दिला. चर्चेअंती वाजवण्यात चूक नव्हती असं सर्वानुमते ठरलं. विरोधात मतं दोन, त्यातलं एक वाजवणारीचं असल्यामुळे बाद. थोड्या वेळानं आई बाईंना सोडायला दाराशी आल्या. पुढच्या आठवड्यापासून एक नवे सर येणार आहेत, असं त्यांनी अत्यंत आपुलकीनं सांगितलं. मुलांचा उत्साह फार वाढवतात म्हणे.

बाईंना वाईट वाटलं. पण त्या बाहेर पडताना आत धाकटीनं हेडफोन पुन्हा डोक्याला लावला होता आणि तिसरी ओळ धरली होती. दार लागायच्या आत बाईंना तिची बोटं दिसली. वळणावर ती या खेपेला घसरली नाहीत. बाई जिना उतरल्या त्या चक्क गुणगुणत.

या पाहुण्यांना मनसोक्त हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. एक सूर कानावर पडलेला नसताना माना डोलावणारी, कुणी चांगलं म्हटलं म्हणून चांगलं म्हणणारी माणसं, म्हणजे कमालच झाली. मात्र धाकटीला आता छान वाजवता येतं याबद्दल आपलीही खात्री पटलेली दिसते, आणि मघाशी त्या चौथ्या ओळीला आपलीही मान किंचित हलली होती. पाहुण्यांना निदान बोटं तरी दिसत होती.