अर्ध्या फोटोतली गाडी

जगातली सगळी माणसं वस्तू आधी बघतात आणि मग घेतात. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे म्हसकर वस्तू आधी घेतात आणि मग बघतात. बघून झाल्यावर तरी चेहरा पडावा की नाही? तोही पडत नाही. चष्मा कपाळावर चढवून ते एवढंच म्हणतात, “मी चौकशी केलेली आहे.”

ही चौकशी कुणाकडे, केव्हा आणि कोणत्या भाषेत होते, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. डोंबिवली पश्चिमेच्या त्या चार मजल्यांत कुणाच्या घरी काय शिजतं ते मला जिन्यात कळतं. पण म्हसकरांची चौकशी मला कधी दिसली नाही. मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नकाशे गिरवले. कागदावर आहे म्हणजे आहेच, हे त्यांच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं असावं. मंडईत वांगं हातात घेऊन दाबून बघणाऱ्या माणसाला ते अडाणी समजतात. त्या अडाण्यांत मीही आलो.

ब्याऐंशी साली आमची बिल्डिंग उभी राहत होती, तेव्हा आम्ही बाकीचे चपला हातात घेऊन, चिखल तुडवत जागा बघून गेलेलो. म्हसकरांनी बिल्डरच्या ऑफिसात बसून प्लॅन पाहिला. प्लॅनमध्ये गॅलरी होती. ती आहेही. तिच्यात उभं राहून हात लांब केला की शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला लागतो.

“अहो म्हसकर, वारा कुठून येणार?” मी विचारलेलं.

“धूळ तरी कुठून येणार?” ते म्हणाले.

मग व्ही.पी.ने येणारी, दारात पैसे भरून सोडवायची पार्सलं. पोस्टमन आमच्या बिल्डिंगच्या इतर माणसांना नावाने ओळखत नाही, म्हसकरांना वासाने ओळखतो. त्यांनी दुर्बीण मागवली, तिला डोळा लावायच्या बाजूची काच नव्हती. घडीचा पलंग मागवला, तो घडीतून बाहेर यायला तयार झाला नाही. घरगुती औषधोपचाराचे बारा भाग मागवले, त्यांतला सातवा तेवढा आला. तो त्यांनी मन लावून वाचला आणि मला सर्दी झाली की सातव्या भागातलं औषध सुचवायला लागले. सातवा भाग त्वचारोगांचा होता.

लग्नाचीही तीच गत. स्थळ आलं तेव्हा त्यांनी म्हणे फोटो आणि पत्रिका बघून घरबसल्या होकार कळवला. मुलीने मात्र प्रत्यक्ष येऊन बघितलं, आणि ते लग्न तिथेच राहिलं. त्यानंतर दुसरं स्थळ त्यांनी बघितलं नाही. म्हणजे न बघता घेतलंही नाही, एवढाच त्यांच्या आयुष्यातला शहाणपणा.

असा माणूस इंटरनेटच्या हाती लागला तर काय होईल? तेच झालं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला देवधरबाईंचा टायपिंग क्लास होता. टाइपरायटर शिकायला कुणी येईना, तेव्हा बाईंनी दोन कॉम्प्युटर आणून दारावर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लावली. म्हसकर तेव्हा नुकते रिटायर झालेले. दुकान नाही, दुकानदार नाही, वस्तू नाही, नुसती वस्तूची माहिती, हे बघून त्यांना आपण आयुष्यभर ज्याची वाट बघत होतो ते सापडलं असंच वाटलं असणार. रोज संध्याकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते तिथे जाऊन बसायला लागले.

आणि तिथे त्यांना गाडी दिसली. सांगलीच्या कुणा शिराळकरांची चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची विलायती मोटार. शिराळकरांच्या पुण्यातल्या पुतण्याने तिची जाहिरात कॉम्प्युटरवर चढवलेली. गाडीच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्या कंपनीचा काही दोष नाही.

तेव्हा फोटो वरून खाली असा हळूहळू उतरायचा. आधी आभाळ, मग झाडाचा शेंडा, मग गाडीचं काळं टप. म्हसकर वीस मिनिटं हात जोडल्यासारखे समोर बसले होते. काचा आल्या, बॉनेट आलं, दारांच्या मुठी आल्या, आणि आतल्या खोलीत देवधरबाईंनी बहिणीला फोन करायला रिसीव्हर उचलला. इंटरनेट त्याच फोनच्या तारेवर, लाइन तुटली. फोटो मुठींपाशी थांबला.

“अहो, पुन्हा लावून देते,” बाई म्हणाल्या. हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

“कशाला?” म्हसकर म्हणाले. “खाली काय, चाकंच असणार.”

त्यांनी त्याच संध्याकाळी गाडी घेतली. गाडी चालवता येत नव्हती, लायसन्स नव्हतं, सोसायटीत ठेवायला जागा नव्हती. मी हे तिन्ही मुद्दे त्यांना जिन्यात ऐकवले. तिन्हींना उत्तर एकच. त्यांनी चौकशी केलेली होती.

पंधरा दिवसांनी एका रविवारी सकाळी ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. गल्ली अरुंद, ट्रक आत येईना. सगळी बिल्डिंग खाली आली. ड्रायव्हरने मागचं फळकूट पाडलं, ताडपत्री ओढली आणि म्हणाला, “साब, इसको उतारेगा कौन? इसको तो पैर ही नहीं है.”

गाडी छान होती, हे मी कबूल करतो. काळीभोर, गोल खांद्यांची, मुठी पितळी. फक्त तिला चाकं नव्हती. एकही नाही. सांगलीला ती बरीच वर्षं चार दगडांवर उभी होती आणि ते दगड फोटोच्या खालच्या अर्ध्यात स्वच्छ दिसत होते. जाहिरातीत ‘फोटोत आहे तशी’ असं लिहिलेलंही होतं. म्हणजे फसवणूक म्हणावं तर तीही नाही. या माणसाला साधं फसवून घेणंसुद्धा धड जमलं नाही.

मी हसलो. सगळ्यांदेखत, चांगला पोट धरून हसलो. म्हसकरांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मुठीवर रुमाल फिरवायला लागले.

ट्रकवाल्याला घाई. शेवटी कुणीतरी रेतीबंदरावरून नामदेव भोईरला बोलावून आणलं. भोईर खाडीवरचा कोळी, होड्या किनाऱ्यावर ओढून घेणं हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. तो आठ माणसं, जाड दोर आणि लाकडाचे गोल ओंडके घेऊन आला. गाडीकडे बघून त्याने मिशीतल्या मिशीत विचार केला.

“शेट, होरी असो का गारी,” तो म्हणाला, “ओरायची रीत येकूच.”

मग फळ्यांवरून गाडी खाली घेतली, पोटाखाली ओंडके घातले, बॉनेटला दोर बांधला आणि भोईर पुढे उभा राहून ओरडला, “हैस्सा!” गाडी दोन हात पुढे सरकली. मागचे ओंडके काढून पुन्हा पुढे टाकायचे, पुन्हा हैस्सा. दोन्हीकडच्या गॅलऱ्यांत माणसं गणपती बघायला उभी राहावीत तशी उभी. गाडीच्या बाजूने म्हसकर एक हात टपावर ठेवून चालत होते, चेहरा नवऱ्या मुलाच्या बापाचा. माझी मान शरमेने खाली. पत्त्यात माझ्याही बिल्डिंगचं नाव होतं.

गेटातून आत येऊन ओंडके जिथे थांबले तिथे गाडी बसली. ती जागा नेमकी पाण्याच्या टँकरची. टँकरचा पाइप टाकीपर्यंत पोचेना. आठवडाभर बायका बादल्यांची रांग लावून पाणी भरत होत्या आणि जाता येता म्हसकरांच्या खिडकीकडे बघून जे बोलायचं ते बोलत होत्या. कमिटी बसली. आठ दिवसांत गाडी हलवा, नाहीतर कल्याणचा भंगारवाला बोलावू, असा ठराव झाला. नोटीस मीच लिहिली. आवडीने लिहिली.

“अहो, त्या सांगलीवाल्याला लिहा, गाडी परत घेऊन जा म्हणावं,” मी तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा ते ‘बघू’ म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चौकशी केल्याचं सांगितलं नाही. तेवढ्यावरून मला वाटलं की हा माणूस घाबरलेला आहे.

सातव्या दिवशी नोटिशीची प्रत खिशात घालून मीच देवधरबाईंकडे गेलो. ठाण्याच्या ऑफिसात मी स्टेनो होतो, दोन्ही हातांनी टाइप करतो. म्हटलं, म्हसकरांसमोर बसून त्या सांगलीवाल्याला स्वतः खरमरीत पत्र लिहितो आणि धाडून देतो. म्हसकर एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसले होते. मला बघताच त्यांनी पडद्यावर हात ठेवला.

“सरका,” मी म्हणालो. ते सरकले.

पडद्यावर पत्रांची यादी होती. सगळी शिराळकरांची. रोज एक. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. मी एक उघडलं. ‘आज कुठे नेलीत? सकाळी सुरू करताना ती जरा कुरकुर करते, रागावू नका.’ त्याखाली म्हसकरांचं उत्तर. ‘आज टिटवाळ्याला गणपतीला नेली. कल्याणच्या पुढे रस्ता खराब, पण तिने काही त्रास दिला नाही.’ दुसरं उघडलं. ‘आज ठाण्याला तलावपाळीवर नेली. लोक वळून बघत होते.’ एकदा गाडी ठाकुर्लीला जाऊन आलेली, एकदा भर दुपारी मुरबाडपर्यंत.

माझं डोकंच फिरलं. ही बिनचाकाची गाडी आमचा टँकर अडवून बसलेली, आणि हा माणूस तिला मुरबाडला फिरवतोय!

“हा काय चावटपणा आहे?” मी विचारलं. जरा मोठ्याने विचारलं असेन, कारण देवधरबाई आतून डोकावल्या.

म्हसकर खाली बघत होते. “पहिल्या दिवशी खरं लिहायलाच बसलेलो,” ते म्हणाले. “चाकं नाहीत म्हणून. तेवढ्यात त्यांचंच आलं. घर विकलं म्हणाले. मुलाकडे राहायला आलोय, एका खोलीत, त्याच्याच कॉम्प्युटरवरून लिहितोय. मंडळी जाऊन वर्ष झालंय. गाडी फाटकाबाहेर जाताना बघवेना म्हणून आत जाऊन बसलो, असं लिहिलेलं. आणि शेवटी विचारलेलं, नीट पोचली का, चाकं बसवली का, चालते का? मग मी काय लिहू, कर्णिक?”

“नाही चालत, असं लिहायचं,” मी म्हणालो. पण म्हणताना माझाच आवाज मला आवडला नाही.

“मी चालते म्हणून लिहिलं. मग दुसऱ्या दिवशी त्यांचं पुन्हा आलं. मग रोजच यायला लागलं.” ते म्हणाले. “मला कुणी रोज लिहीत नव्हतं हो.”

माझं घर त्यांच्या बरोबर खाली. सतरा वर्षं मी त्यांच्या पार्सलांवर हसलो, पण एवढी पार्सलं हा माणूस का मागवतो, दार वाजवायला निदान पोस्टमन तरी यावा म्हणून तर नाही, हे माझ्या मनात कधी आलं नाही. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

खिशातल्या नोटिशीचं काय करायचं ते मी बसल्या बसल्या ठरवून टाकलं. भोईरला उद्याच बोलवायचं, ओंडके घालून गाडी मागच्या बाजूला नारळाखाली न्यायची. टँकरची जागा मोकळी. भंगारवाल्याला घरी बसवायचं. कमिटीशी मी भांडीन. हे म्हसकरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा मान हलवली.

“आजचं उत्तर राहिलंय,” ते म्हणाले. “तासभर बसलोय, देताच येत नाहीये.”

मी आजचं पत्र उघडलं. ‘एक विचारू का? मालती कायम मागे बसायची. पुढे बसली की मला गाडी शिकवायची, म्हणून मीच तिला मागे बसवलेली. मग ती मागून शिकवायची. मागची सीट रिकामी तर जात नाही ना? तुमच्याबरोबर कोण असतं?’

“बाकी सगळं जमतं लिहायला,” म्हसकर म्हणाले. “हे जमत नाही. कोणाचं नाव घालू?”

मी खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हातांनी टाइप केलं. ‘मागे कर्णिक बसतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. रस्ताभर मला गाडी शिकवतात, कटकट करतात, पण रोज येतात.’

म्हसकर पडद्याजवळ वाकून एकेक अक्षर जुळवत ते वाचायला लागले. वाचून झालं असणार, तरी त्यांनी मान वर केली नाही. मी पत्र पाठवून दिलं.

“उद्या कुठे जायचं?” मी विचारलं.