पेशीतलं बँकर

सदाआबांबरोबर कुणी जिना चढू लागलं की ते दोन पायऱ्या मागे राहतात आणि चढणाऱ्याच्या पाठीला तळवा लावतात. "चढा, मागनं लावलंय." सरपंच असो की गावचा नवा जावई, सूट नाही. माणूस वर पोचला की आबा लगेच खाली.

औंढ्यात ते माझे शेजारी. रेल्वेत त्यांनी बँकर चालवलं. कर्जतला गाडीच्या शेपटाला लागणारं हे इंजिन. ते घाटात मागून रेटतं, लोणावळ्यात सुटतं आणि पुढच्या गाडीसाठी मोकळं खाली जातं. पुढच्या इंजिनाबद्दल आबांचं मत बरं नाही. "त्ये नुसता हॉर्न मारतंय."

त्यांची मुलगी शुभांगी पुण्यात पीएचडी करत होती. आतड्याच्या पेशी एकमेकींना वाढीचा निरोप एका प्रथिनाकरवी पाठवतात. ते एकटं पेशीच्या कडेपर्यंत जात नाही. दुसरं, वाहक प्रथिन त्याला तिथवर नेतं आणि पुढच्या खेपेसाठी आत परततं. या निरोपांच्या अतिरेकाचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध आहे. शुभांगी वाहकाचा परतीचा रस्ता अभ्यासत होती. तिने हे वडिलांना एकदा सांगितलं. वडिलांनी तालुक्याला सांगितलं.

"पेशीत बँकर हाय! माझ्या पोरीनं धरलं."

"आबा, ते आधीच सापडलंय. मी फक्त परतीचं बघते."

"मंग? परतीचंच तर खरं काम."

वराळ्याच्या एका लग्नात त्यांनी प्रात्यक्षिकच केलं. नवऱ्याचा मामा प्रथिन, काका बँकर. काकांनी मामांना स्टेजपर्यंत रेटलं आणि जिलेबी दिसताच पंगतीत जागा धरली. आबा ओरडले, "बँकर जेवाय बसलं! आता पुढचा माल कोण न्हेणार?"

एवढं बोलणारा हा माणूस बायकोबद्दल बोलत नाही. त्या, आमच्या इंदूमावशी, आतड्याच्या कॅन्सरने गेल्या. पोट दुखतं म्हणाल्या तेव्हा आबांनी ओवा दिला. दोन महिने ओव्यावर गेले, मग डॉक्टर. ते दोन महिने आबांनी कुणाला सांगितलेले नाहीत. मी शेजारी, म्हणून मला ठाऊक.

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. शुभांगीने अट घातली, "या, पण प्रश्न विचारायचा नाही."

"एकच इचारीन."

"बँकरचा?"

"न्हाई."

परीक्षेच्या दिवशी आबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी मी. तासभर इंग्रजी चाललं. कुणाला काही विचारायचंय का, असं परीक्षकांनी श्रोत्यांना विचारलं आणि आबा उभे राहिले. शुभांगीने डोळे मिटले.

"म्या हिचा बाप. ह्ये आत सुरू होतं, तवा घरातल्या माणसाला कळतं का? कळाय पायजे व्हतं का?"

तासभर अस्खलित इंग्रजी बोललेली मुलगी औंढ्याच्या मराठीत बोलू लागली.

"बऱ्याच येळा न्हाई कळत, आबा. दुखायच्या लय आधी सुरू झालेलं असतं. आईलाच कळलं न्हाई, तुमाला कुठनं कळणार?"

आबा बसले, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे झुकले.

"बगितलंत? कायबी इचारा, येतंय पोरीला."